फरशीवर मांडलेले फोटो

पुण्याच्या सदाशिव पेठेत रेणुका स्वरूप ही मुलींची शाळा आहे. पुण्यातल्या निम्म्या घरांतली कुणी ना कुणी आत्या, मावशी तिथे शिकलेली असते, त्यामुळे तिचं कुणाला नवल वाटत नाही. मला मात्र अलीकडे त्या बाजूने जाताना दोन मुली आठवतात. पहिली रोहिणी ओक, जन्म १९५१. दुसरी स्मिता पाटील, जन्म १९५५. दोघी याच शाळेच्या. पुढे १९८० च्या सुमारास या दोघींनी लंडनला जाऊन एकाच भूमिकेसाठी कॅमेऱ्यासमोर चाचणी दिली. भूमिका होती कस्तुरबांची, चित्रपट रिचर्ड अ‍ॅटनबरोंचा 'गांधी'. तिसरी उमेदवार होती भक्ती बर्वे.

साऱ्या जगातून कस्तुरबा शोधायच्या होत्या आणि शेवटच्या यादीत तिन्ही नावं मराठी बायकांची, त्यातल्या दोघी एकाच पेठेतल्या एकाच शाळेच्या. अजून एक धागा आहे. स्मिता आणि भक्ती दोघीही मुंबई दूरदर्शनच्या पडद्यावरून लोकांच्या घरात आलेल्या. आणि 'गांधी'साठी भारतीय कलाकार जमवण्याचं काम ज्या बाईंकडे होतं, त्या डॉली ठाकोरही त्याच मुंबई दूरदर्शनवर इंग्रजी बातम्या वाचायच्या.

हे सगळं पहिल्यांदा एकापुढे एक मांडलं तेव्हा मी चक्रावून गेले. मग प्रश्न पडला, की त्या काळात चेहरे शोधायचं कोण? आज मालिकेत काम हवं असलं तर कास्टिंग डायरेक्टर असतो, त्याचं ऑफिस असतं, फोनवर पाठवायचा ऑडिशनचा व्हिडिओ असतो, कलाकाराचा मॅनेजर असतो. १९७२ मध्ये यातलं काहीच नव्हतं. तरी माणसं सापडत होती, आणि अशी सापडत होती की पन्नास वर्षांनीही त्यांची नावं घेताना आवाज बदलतो.

नाटकाच्या गावाला मध्यस्थ काही नवा नव्हता. नाटकाचे प्रयोग विकत घेणारे कंत्राटदार होते, तमाशाच्या फडांची बोलणी करणारी माणसं होती. पण हा सगळा व्यवहार अख्ख्या खेळाचा. प्रयोग विकला जायचा, फड ठरवला जायचा. एखाद्या अनोळखी माणसाचा एकट्याचा चेहरा घेऊन 'याच्यात काहीतरी आहे, याला बघा' असं सांगत दारोदार जाणारं कुणी नव्हतं. अमेरिकेत असं काम करणाऱ्याला टॅलेंट एजंट म्हणतात. कलाकाराच्या मानधनातला ठरावीक हिस्सा, बहुतेकदा दहा टक्के, हे त्याचं उत्पन्न. तिथे टेलिव्हिजन बाळसं धरत होतं तेव्हा या धंद्यात बायकाही होत्या. ब्लांश गेन्स या न्यूयॉर्कमधल्या, लेखकांच्या एजंट. दूर सिनसिनाटीत बसून नाटुकली लिहून पाठवणाऱ्या रॉड सर्लिंग नावाच्या तरुणाचं लेखन त्यांनी न्यूयॉर्कच्या वाहिन्यांपुढे ठेवलं. जानेवारी १९५५ मध्ये त्याचं 'पॅटर्न्स' हे नाटक थेट प्रक्षेपित झालं आणि इतकं गाजलं, की महिनाभरात नटांना पुन्हा बोलावून ते पुन्हा थेट करावं लागलं. प्रतिभा एका गावात आणि टेलिव्हिजन दुसऱ्या गावात, अशा वेळी मधे कुणीतरी उभं राहावं लागतं. ब्लांश गेन्स तिथे उभ्या होत्या.

आपल्याकडेही टेलिव्हिजन होतं दुसऱ्याच गावात. आधी दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ पासून, आणि तेही आठवड्यातून दोनदाच. त्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत नेहरूंची टेलिव्हिजनवर मुलाखत घेणारे आपले पु. ल. देशपांडे होते, हे वाचून माझी मान उगाचच ताठ होते. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुण्याला चित्र दिसायला आणखी एक वर्ष लागलं.

त्या एका वर्षाचं कारण सह्याद्री. टेलिव्हिजनच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की पलीकडे त्यांची सावली पडते, आणि मुंबई-पुण्याच्या मधे तर अख्खी डोंगररांगच उभी आहे. त्यामुळे मुंबईचं चित्र आधी मायक्रोवेव्हच्या दुव्याने घाटावर आणायचं आणि मग एखाद्या उंच जागेवरून पुण्यावर उधळायचं, असा बेत ठरला. उंच जागा कोणती, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर असलेल्या सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि १९७३ च्या ऑक्टोबरात वाड्यावाड्यांत मुंबईचे चेहरे दिसू लागले. लाकडी कपाटासारखा, सरकत्या दारांचा तो संच. कौलांवर अँटेना. ती सिंहगडाच्या दिशेला फिरवत वरून कुणीतरी 'आलं का?' विचारायचं आणि खालून सगळे एकदम ओरडायचे, 'आलं, आलं, गेलं!' आजही गडावर पिठलं-भाकरी खाताना मी त्या मनोऱ्याकडे बघते. ज्या कड्यावरून एके काळी माणसं दोर लावून वर चढली, त्याच डोंगरावरून चिमणराव, संध्याकाळच्या बातम्या, शेतकऱ्यांचे कार्यक्रम पुण्यात उतरले.

पण चित्र येणं वेगळं आणि त्या चित्रात माणूस आणणं वेगळं. ते काम होतं निर्मात्याकडे. दूरदर्शन सरकारी. तेव्हा ते आकाशवाणीचाच भाग होतं, १९७६ च्या एप्रिलमध्ये वेगळं झालं. आकाशवाणीची ऑडिशन, श्रेणी, करारपत्र, ठरलेलं मानधन ही सगळी पद्धत तिकडून इकडे आली. कलाकाराला 'बुक' करायचं, कागदावर सही घ्यायची, धनादेश टपालाने जायचा. मधे हिस्सा घेणारं कुणी नाही. म्हणजे एजंटचं जे खरं काम, माणूस हेरणं, त्याला धीर देणं, कॅमेऱ्यासमोर आणणं, ते सगळं निर्मात्याच्या पगारातच धरलेलं. आणि मुंबई केंद्रात निर्मात्या बायका होत्या. 'प्रतिभा आणि प्रतिमा'मधून साहित्यिक-कलावंतांना बोलतं करणाऱ्या सुहासिनी मुळगावकर होत्या. विजया जोगळेकर-धुमाळे होत्या. दिल्लीत आमच्या पुण्याच्या सई परांजपे होत्या.

आधी फोटोंची गोष्ट सांगते, कारण ती मला सगळ्यांत आवडते.

स्मिताची एक मैत्रीण ज्योत्स्ना किरपेकर. ज्योत्स्ना मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची. दीपक किरपेकर हा ज्योत्स्नाचा जोडीदार, त्याला फोटोग्राफीचा नाद. स्मिताचे त्याने खूप फोटो काढलेले. सांगतात ते असं, की एकदा तो ते फोटो दाखवायला ज्योत्स्नाकडे वरळीच्या केंद्रावर घेऊन गेला आणि तिथे जमिनीवर पसरून बघत बसला. तेवढ्यात केंद्राचे संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती तिथून चालले होते. ते थांबले. ही मुलगी कोण, तिला घेऊन या, म्हणाले. तिकडे स्मिताला या प्रकरणात काही रस नव्हता, तिला समजावून न्यावं लागलं. पण ती गेली, आणि मग निळसर झाक असलेल्या त्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर, जीन्सवर गुंडाळलेल्या साडीत, ती बातम्या वाचू लागली. खाली जीन्स आहे हे प्रेक्षकांना कधी दिसलं नाही, कारण चौकट कमरेच्या वर संपायची.

ही गोष्ट ऐकताना सगळे कृष्णमूर्तींची नजर वाखाणतात. ती वाखाणण्यासारखी आहेच. मला मात्र ज्योत्स्ना दिसते. ती केंद्रात नसती तर ते फोटो वरळीपर्यंत पोचलेच नसते. आत काम करणारी एक बाई आणि बाहेरची तिची मैत्रीण, या दोघींमधला जो रस्ता होता, तोच त्या काळातला एजंट. त्यावर दहा टक्के नव्हते, पाटी नव्हती. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. श्याम बेनेगलांचं लक्ष गेलं, १९७५ मध्ये 'चरणदास चोर' आणि 'निशांत', मग 'मंथन', मग 'भूमिका' आणि राष्ट्रीय पुरस्कार.

आता जरा त्या चौकटीबद्दल, कारण चेहरा निवडण्याचं सगळं गुपित त्या चौकटीत आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उभं राहिलं. त्या रंगमंचावरचा नट शेवटच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत आवाज पोचवतो, भुवई उडवली तर ती बाल्कनीतून दिसेल इतकी उडवतो. हीच भुवई टेलिव्हिजनच्या जवळून घेतलेल्या चित्रात उडवली तर ती वीतभर पडद्यावर अंगावर येते. बघणारा चार हातांवर बसलेला, जेवायचं ताट समोर. त्याच्याशी घरात बोलतात तसं बोलावं लागतं. त्यामुळे रंगभूमीवर वर्षानुवर्षं गाजलेला नट इथे ओरडल्यासारखा वाटायचा आणि नाटकात दुसऱ्या-तिसऱ्या फळीत राहिलेला एखादा शांत माणूस इथे उजळून निघायचा. त्यात कॅमेरा काळापांढरा. पांढरीशुभ्र साडी नेसून आलं की ती दिव्यांखाली भडकायची, चेहरा तिच्यापुढे काळवंडायचा. रंग गेला की उरतात फक्त उजेड, सावली आणि डोळे. ज्या सावळेपणामुळे मुलींना 'स्थळ' मिळत नाही असं म्हटलं जायचं, तो सावळा चेहरा या पडद्यावर किती छटा धरायचा! स्मिताचे डोळे त्या करड्या रंगात जे बोलले, ते बघणाऱ्यांच्या आजही लक्षात आहे. बातम्या वाचताना समोर मजकूर सरकवणारं यंत्र नसायचं. हातात कागद. खाली बघून वाक्य उचलायचं आणि वर बघून ते कुणाला तरी सांगायचं. खाली-वर होतानाही नजर तुटू द्यायची नाही. च आणि च़ यांतला फरक, ण ठसठशीत. हे सगळं ज्याच्यात आहे असा माणूस गर्दीत ओळखणं म्हणजे पारख.

ही पारख सई परांजप्यांमध्ये कुठून आली असेल, याचा मी खूप विचार केला आहे. आजोबा रँग्लर परांजपे, आई शकुंतला परांजपे. आई संततिनियमनाच्या कामात आयुष्य घालवणारी, आणि शांतारामबापूंच्या 'कुंकू'मध्ये काम केलेली. सईंचं 'मुलांचा मेवा' हे पुस्तक त्या आठ वर्षांच्या असताना निघालं. मग पुणे आकाशवाणीवर निवेदिका आणि मुलांच्या कार्यक्रमांच्या कर्त्या. मला वाटतं, इथेच ते झालं. मुलांकडून काम करून घेताना नट मिळत नसतात, मुलं मिळतात. एक लाजरं, एक आगाऊ, एक मधेच रडणारं. प्रत्येकात काय आहे ते हुडकून त्याच्या जोगं वाक्य त्याला द्यावं लागतं. आणि आकाशवाणीवर चेहराच नाही, त्यामुळे कान तयार होतो. पुढे त्या दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या, १९६३ मध्ये बाहेर पडल्या आणि दिल्लीच्या टेलिव्हिजनवर अनेक वर्षं निर्मात्या म्हणून राबल्या. 'द लिटल टी शॉप' या त्यांच्या दूरचित्रपटाला १९७२ मध्ये आशियाई प्रसारण संघटनेचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मुंबई केंद्राचा उद्घाटनाचा कार्यक्रम करायला कुणाला बोलावलं? सईंना. पुण्याच्या आकाशवाणीवर घडलेली बाई दिल्लीहून येऊन मुंबईचा पडदा उघडते, हे मला फार सुंदर वाटतं.

दिल्लीच्या त्या वर्षांत त्यांनी केलेली नाटकं पुढे चित्रपट झाली. दृष्टिहीनांच्या शाळेवरचं 'रैना बीती जाए' म्हणजे पुढचा 'स्पर्श', 'धुआँ धुआँ' म्हणजे पुढचा 'चश्मेबद्दूर'. 'स्पर्श'मधली मुलं आठवा. ती खरीच दृष्टिहीन मुलं आहेत, अभिनय शिकून आलेली नाहीत, आणि नसीरुद्दीन शाहसारख्या नटासमोर ती जराही उपरी वाटत नाहीत. 'चश्मेबद्दूर'मधला रवी बासवानी तोपर्यंत पडद्यावर कुणी पाहिलेला नव्हता. त्याच्याबरोबरचा राकेश बेदी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेला. प्रभात स्टुडिओच्या जागेत उभ्या राहिलेल्या या संस्थेत १९७४ मध्ये दिल्लीचं टेलिव्हिजन प्रशिक्षणही हलवलं गेलं. म्हणजे ज्यांनी देशभर चेहरे शोधायचे, त्यांनाही पुण्याच्या विधी महाविद्यालय रस्त्यावर यावं लागू लागलं.

आणि चिमणराव! चिं. वि. जोश्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मराठी माणसाच्या मनात आधीच चेहऱ्यासकट राहत होते. १९४० च्या 'लग्न पहावे करून'मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ते पडद्यावर आणलेले. असल्या पात्रांसाठी नवी माणसं निवडायची म्हणजे घरोघरच्या आजोबांशी वाद ओढवून घ्यायचा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात विजया जोगळेकर-धुमाळे आणि याकूब सईद यांनी ही मालिका करायला घेतली आणि चिमणराव म्हणून दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ म्हणून बाळ कर्वे उभे केले. प्रभावळकर त्याआधी मुलांच्या नाटकात चेटकीण झालेले. बाळ कर्वे मुंबई महापालिकेत अभियंता! दिवसा महापालिकेचं काम आणि उरलेल्या वेळात नाटक. तोवर ही काही घरोघर ठाऊक असलेली नावं नव्हती. काही आठवड्यांत महाराष्ट्रात दुसरे चिमणराव आणि दुसरा गुंड्याभाऊ कुणाला कल्पनेतही आणता येईनात. बाळ कर्व्यांना तर लोक पुढे आयुष्यभर गुंड्याभाऊच म्हणत राहिले. चेटकिणीत चिमणराव आणि अभियंत्यात गुंड्याभाऊ ज्याला दिसतो, त्याच्या डोळ्यांना काय म्हणायचं?

१९८४ मध्ये 'हम लोग' आली, मालिका बाहेरच्या निर्मात्यांकडे गेल्या, पैसा आला, आणि हळूहळू या कामाला नाव मिळालं. १९९४ च्या 'बँडिट क्वीन'साठी तिग्मांशू धुलियांनी पात्रनिवड केली, तिथून कास्टिंग डायरेक्टर हा शब्द आपल्याकडे रुळला असं सहसा सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं, कारण त्याच्या चौदा वर्षं आधी डॉली ठाकोर हेच काम करत होत्या.

अ‍ॅटनबरोंना भारतीय नट हवे होते, ढिगाने. १९८० च्या नोव्हेंबरात चित्रीकरण सुरू झालं, आणि त्याआधी नेहरू, पटेल, आझाद, कस्तुरबा, सगळे सापडायला हवे होते. बाहेरून आलेल्या माणसाला कुठला नट कुठल्या भाषेत, कुठल्या हौशी संस्थेत, कुठल्या छोट्या सभागृहात काम करतो हे कसं कळणार? डॉलीबाई मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर काम करणाऱ्या, आणि संध्याकाळी दूरदर्शनच्या मेकअपच्या खोलीत मराठी, हिंदी, गुजराती सगळ्यांच्या शेजारी बसणाऱ्या. एकाच केंद्रात सगळ्या भाषांचे लोक ये-जा करत होते. अशा ठिकाणी बसलेल्या बाईला मुंबईतलं कोण काय करू शकतं हे वही न उघडता ठाऊक असतं. आणि म्हणून कस्तुरबांसाठी तीन मराठी बायका विमानात बसल्या.

त्यातली रोहिणी ओक तोवर रोहिणी हट्टंगडी झाली होती. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली, मग मुंबईत नाटकं करणारी, वय तिशीच्या आत. तिला तरुण कस्तुरबांपासून चौऱ्याहत्तर वर्षांच्या बांपर्यंत सगळं व्हायचं होतं. तिची निवड झाली. त्या भूमिकेसाठी तिला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

खऱ्या कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गेल्या. त्यांची समाधी तिथेच आहे, महादेवभाई देसायांच्या शेजारी. चित्रपटाची माणसं पुण्याला आली ती याच वाड्यात चित्रीकरण करायला. रेणुका स्वरूपच्या फाटकातून निघून, नदी ओलांडून, नगर रस्त्याने आगाखान पॅलेसपर्यंत जायला रिक्षाला अर्धा तास पुरतो. रोहिणीला तेवढ्या अंतरासाठी दिल्ली, मुंबई आणि लंडनवरून यावं लागलं.